शेळीला जंताचे औषध पाजता, घरच्या बाईचे काय?

मृगाचा पाऊस पडला आणि पऱ्हे टाकून झाले की आपला कास्तकार एक काम सहसा विसरत नाही. कोठ्यातल्या शेळ्यांना जंताचे औषध पाजतो. पावसाळ्यात कोवळा चारा खाल्ला की शेळीला जंत होतात, ती हगवते, वाळते, बाजारात तिला भाव येत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण त्याच घरातली बाई महिनाभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करते, संध्याकाळी "अंग गळून गेलं" म्हणते, चार पावले चढ चढली की तिला धाप लागते, आणि तिच्या पोटात काय चालले आहे याची चौकशी कोणी करत नाही. शेळीच्या पोटाचा हिशोब ठेवणाऱ्या घरात माणसाच्या पोटाचा हिशोब नसावा, हे बरे नव्हे.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. हा जंत आपल्या धुऱ्यावरच्या मातीत वाढतो, आपल्या वाडीतल्या भाजीवरून घरात येतो, आणि त्याचे नुकसान मजुरीच्या हिशोबात दिसते. कीड शेतातली असेल तर तिच्यावर शेतीच्या पानावरच बोलले पाहिजे.

जंत शरीरात येतो कुठून?

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे की गोड खाल्ल्याने जंत होतात. पोराने गुळाचा खडा मागितला की आजी म्हणते, "जंत होतील रे." गुळातून जंत होत नाहीत. जंत अंड्यातून होतो, आणि ते अंडे जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून मातीत पडलेले असते. हे एकदा डोक्यात बसले की पुढचे सगळे सोपे आहे.

आपल्या भागात मुख्य जंत दोन प्रकारचे समजा. पहिला गोल जंत. हा गांडुळासारखा, वीतभर ते त्याहून लांब. याची एक मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. अंडी इतकी चिवट की ओल्या मातीत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. ती न धुतलेल्या सांबाराबरोबर, मुळ्याबरोबर, कच्च्या गाजराबरोबर किंवा पोराच्या मातीत बरबटलेल्या नखांतून तोंडात जातात. पोट मोठे, हातपाय काड्या, अशी पोरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांत कुपोषण असते आणि पुष्कळदा जंतही असतो.

दुसरा हुकवर्म म्हणजे अंकुशकृमी. हा जेमतेम बोटाच्या पेराएवढा, दोऱ्यासारखा. याला तोंडावाटे यायची गरज नाही. याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. शिरते त्या जागी लाल पुरळ उठते आणि खाज सुटते. रोवणीत बेचक्यात चिखल्या होतात त्या वेगळ्या, पण बाया दोन्हीला एकच समजून हळद-तेल लावतात आणि विसरून जातात. तोवर अळी रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि घशातून गिळली जाऊन आतड्यात पोचलेली असते. तिथे ती आतड्याला चावून लटकते आणि रक्त पीत राहते, वर्षानुवर्षे.

रक्त किती? अंकुशकृमीच्या दोन जाती आहेत. एका जातीचा एक जंत दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त खातो, दुसरीचा त्याच्या पाच ते सात पट. पहिल्या जातीचे शंभर जंत पोटात असले तर रोजचे ३ मिलिलिटर, म्हणजे महिन्याला ९० मिलिलिटर. टपरीवरच्या चहाचा एक कप भरेल एवढे रक्त दर महिन्याला जाते. ज्या बाईच्या ताटात भात आणि पातळ वरण यापलीकडे रोज काही पडत नाही, तिने हे रक्त भरून काढायचे कशाने? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांना रक्तक्षय आढळला. त्याला कारणे अनेक आहेत, सगळा दोष जंतावर टाकता येणार नाही. पण धानाच्या मुलखात जंताला वगळून रक्तक्षयाचा विचार करणे म्हणजे मोरीचे भोक न बुजवता टाकी भरण्यासारखे आहे.

एक गोष्ट कास्तकारांनी नीट समजून घ्यावी. पाण्याने तुडुंब भरलेल्या बांधीत ही अळी फार तग धरत नाही. तिला मानवते ती धुऱ्यावरची ओलसर, सावलीतली, भुसभुशीत माती. बोडीच्या पाळीवरची, झुडपाखालची माती. आणि माणसे शौचाला नेमकी तिथेच बसतात. अंडे पडल्यापासून एक-दोन दिवसांत अळी बाहेर येते आणि आठवडा-दहा दिवसांत ती पायात शिरण्याजोगी होते. म्हणजे आज जो धुऱ्यावर बसला, त्याचे देणे दहा दिवसांनी त्याच धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहणारी बाई फेडते.

पळसपापडी, वावडिंग आणि ओवा

आता झाडपाल्याकडे वळू. आपला जिल्हा पळसाचा. जंगलात, पडीत, धुऱ्यावर पळस. त्याच्या शेंगेतली चपटी बी, म्हणजे पळसपापडी, जंतावर देण्याची रीत गावोगाव आहे. काही घरांत वावडिंग गुळाबरोबर देतात. ओवा तर प्रत्येक फडताळात आहे. पपईच्या बिया, डाळिंबाची साल, कडुनिंबाचा रस, भोपळ्याच्या बिया, ज्याच्या त्याच्या घरचा उपाय वेगळा.

हे सगळे थोतांड आहे असे म्हणणारे शिकलेले लोक भेटतात. ते चूक आहेत. पळसाच्या बीत आणि वावडिंगात कृमींवर परिणाम करणारी द्रव्ये आहेत हे प्रयोगशाळेत दिसले आहे. मेंढ्यांना पळसबीची भुकटी दिल्यावर लेंड्यांतली जंतांची अंडी घटल्याचेही प्रयोग झाले आहेत. पपईच्या बियांवर नायजेरियात २००७ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. पोटात जंत असलेली ६० मुले घेतली. तिसांना वाळलेल्या बियांची भुकटी मधातून दिली, तिसांना नुसता मध. आठवड्याने तपासले तेव्हा पहिल्या तिसांतली २३ मुले साफ निघाली, दुसऱ्या तिसांतली ५. साठ पोरांवरून जगाचा निवाडा होत नाही, पण आजीचा उपाय अगदीच हवेतला नव्हता एवढे त्यातून कळते.

मग अडचण कुठे आहे? अडचण मात्रेत आहे, आणि मात्रा म्हणजे काय हे कास्तकाराला मी सांगायला नको. तणनाशक पंपाला किती टाकायचे ते चुकले तर एक तर तण मरत नाही, नाही तर धान जळते. औषधाचेही तेच.

ओव्याचेच उदाहरण घ्या. ओव्याच्या तेलात थायमॉल नावाचे द्रव्य असते. शंभर वर्षांपूर्वी अंकुशकृमीवर जगभर हेच औषध चालत होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात अनवाणी शेती करणारे गरीब लोक फिकट, सुस्त दिसत. शहरी लोक त्यांना आळशी म्हणून हिणवत. तपासणी केली तर पोटात अंकुशकृमी निघाला. १९०९ साली रॉकफेलर यांच्या पैशातून तिथे मोठी मोहीम उघडली, ती पाच वर्षे चालली आणि लाखो लोकांना थायमॉल दिले गेले. त्या काळी थायमॉल मुख्यतः ओव्यापासून काढत, आणि तो ओवा आपल्या देशातून परदेशी जाई. म्हणजे आपल्या फडताळातल्या ओव्याने सातासमुद्रापार जंत पाडले आहेत. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

पण त्या वेळची मोठ्या माणसाची मात्रा ऐका. एका दिवसात जवळपास ४ ग्रॅम शुद्ध थायमॉल, उपाशीपोटी, वरून जुलाब. ओव्यात तेल शेकडा २ ते ४ असते आणि त्या तेलात साधारण निम्मे थायमॉल. हिशोब केला तर एका माणसाच्या एका मात्रेला दोनशे ते चारशे ग्रॅम ओवा लागेल. तुम्ही चावता चिमूटभर. त्याने गॅस सरतो, तोंडाला चव येते, पण आतड्याला चिकटलेला जंत सुटत नाही. आणि पुरी मात्रा घ्यावी म्हटले तर ते विष ठरू शकते. थायमॉलच्या मोठ्या मात्रेने माणसे दगावल्याचीही उदाहरणे झाली, म्हणूनच पुढे सुरक्षित औषध मिळताच डॉक्टरांनी ते सोडून दिले.

पळसपापडीचे तर याहून जपावे. या झाडाच्या बीत द्रव्य किती हे झाडागणिक, हंगामागणिक बदलते. मात्रा जास्त झाली तर पोटात आग पडते, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पाच वर्षांच्या पोराला "एक बी की दोन" हे शेजारणीला विचारून ठरवणे योग्य नाही. पोटुशी बाईने पळसपापडी आणि पपईच्या बिया दोन्ही वर्ज्य समजाव्यात. ज्यांना आयुर्वेदिकच औषध घ्यायचे आहे त्यांनी ते जरूर घ्यावे, पण शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्याकडून. आणि महिन्याभराने सरकारी दवाखान्यात शौचाची तपासणी करून घ्यावी. जंत गेले की नाही हे अंदाजाने ठरत नाही, तपासणीने ठरते.

कुड्याबद्दल एक शब्द. कुड्याची साल ही आवेवर चालत आलेली आहे. आव पडणे हा वेगळा आजार, त्याचा जीव डोळ्याला न दिसणारा. जंताला कुडा आणि आवेला ओवा अशी अदलाबदल करून आजार अंगावर काढू नये. शौचातून रक्त पडत असेल तर झाडपाल्यात एक दिवसही घालवू नये.

चरकांनी सांगितलेली तिसरी गोष्ट

आयुर्वेदाचे नाव सगळे घेतात, पण त्याने सांगितलेले पुरे ऐकत नाहीत. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचा उपाय तीन पायऱ्यांनी सांगितला आहे. पहिली अपकर्षण, म्हणजे जंत ओढून बाहेर काढणे. दुसरी प्रकृतिविघात, म्हणजे जंताला मानवणारी पोटातली परिस्थिती मोडणे. तिसरी निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणाने जंत होतात ते कारणच टाळणे.

आपण पहिल्या पायरीवर वाद घालत बसतो, गोळी चांगली की पळसपापडी चांगली. तिसरीकडे कोणी पाहत नाही. अमेरिकेच्या त्या मोहिमेचाही धडा हाच होता. जिथे औषधाबरोबर संडास झाले नाहीत, तिथे लोकांच्या पोटात जंत पुन्हा भरले. आपल्याकडे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापासून २०१४ च्या स्वच्छ भारत मोहिमेपर्यंत घरोघरी संडास बांधले गेले. त्यांतले काही आजही सरपण आणि गोवऱ्या ठेवण्याच्या कामी येतात, हे आपण सगळे जाणतो. आणि घरी संडास वापरणारा माणूससुद्धा दिवसभर शेतात असला की धुऱ्यावरच बसतो.

ताटात काय असावे?

आहाराने जंत मरत नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण कारले खा, लसूण खा म्हणजे जंत पडतील असे सांगणारे पुष्कळ आहेत. आहाराचे काम दुसरे आहे, आणि ते मोठे आहे. जंताने खाल्लेले रक्त भरून काढण्याचे.

त्यासाठी बाजारात जायची गरज नाही. शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी, पावसाळ्यातला तरोटा, चवळी, लाखोरीबरोबर पिकणारे जवस, तीळ, हे सगळे आपल्या शिवारातले आहे. भाजीवर लिंबू पिळावे, त्याने पालेभाजीतले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, चहाने ते लोह वाया जाते. मामा तलावातली मासळी ज्यांना चालते त्यांनी ती खावी, त्यात घरातल्या बाईच्या वाट्याला शेवटी काटे आणि रस्सा उरू नये. रक्तक्षय असेल तर दवाखान्यातली लोहाची गोळीही घ्यावी, नुसत्या पालेभाजीने मोठी तूट भरत नाही.

कच्चे खायचे ते वाहत्या पाण्यात तीनदा धुवावे. सांबार, मुळा, कांद्याची पात यांच्या मुळाशी माती असते, तिथे जास्त लक्ष द्यावे. तलावातला शिंगाडा दाताने सोलून खाऊ नये. बिहार, उत्तर प्रदेशाकडे अशा पाणवनस्पतींवरून एक मोठा चपटा कृमी माणसाच्या पोटात जातो. शिंगाडा उकडून खाल्ला की चिंता नाही.

गोळी कोणाला मिळते, कोण राहून जाते

जंतावर आज अल्बेंडाझोलची गोळी आहे. २०१५ सालापासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. त्यात १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत ही गोळी फुकट मिळते. एक ते दोन वर्षांच्या लेकराला २०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी, कुस्करून. त्यापुढे ४०० मिलिग्रॅमची एक, चावून. तापाने आजारी पोराला त्या दिवशी देत नाहीत, बरे झाल्यावर देतात. एखाद्याला मळमळते, पोटात दुखते, ते बहुधा तासा-दोन तासांत निवते. "गावात पोरांना उलट्या झाल्या" अशी आवई ऐकून त्या दिवशी मूल शाळेत पाठवायचेच नाही, हे करू नका.

पण वयाची अट पाहा. शाळकरी पोरगी गोळी घेते आणि तिची रोवणी करणारी आई त्या मोहिमेत बसत नाही. गरोदर बाईला पहिले तीन महिने टाळून, पुढे दवाखान्यातून गोळी मिळते. बाकीच्या बाया, आणि गडी-माणसेही, राहून जातात. म्हणजे ज्यांचा पाय सगळ्यात जास्त मातीत, तेच बाहेर. जागतिक आरोग्य संघटनेने जंताचे प्रमाण जास्त असलेल्या भागात मूल होण्याच्या वयातल्या बायांनाही गोळी द्यावी असे सांगितले आहे. आपल्या धानपट्ट्यात त्याचा विचार व्हायला हवा.

तोवर हाताशी असलेली एक संधी तरी दवडू नये. आपला जिल्हा हत्तीरोगाचा. त्याच्या सामुदायिक मोहिमेत डीईसीबरोबर अल्बेंडाझोलही दिली जाते, आणि ती मोठ्यांनाही. ताई घरी येऊन गोळ्या देते, आपण "जेवून घेतो" म्हणतो आणि पुडी देव्हाऱ्यामागे जाते. ती पुडी ताईसमोरच खावी. एका गोळीत हत्तीरोगाचेही काम आणि जंताचेही.

आणखी एक इशारा. शेळीच्या औषधाच्या बाटलीवर अल्बेंडाझोल हेच नाव दिसते म्हणून त्यातले झाकणभर माणसाने घेऊ नये. त्याची तीव्रता वेगळी, माणसाची मात्रा वेगळी. माणसाची गोळी आरोग्य केंद्रात मिळते.

मूल पोट फुगून कळवळत असेल, उलट्या थांबत नसतील, शौच आणि वारा बंद झाला असेल, तर घरी कसलेही औषध देऊ नका. जंतांचा गुंता होऊन आतडे अडलेले असू शकते. तडक दवाखाना गाठा.

या हंगामात एवढे करा

कास्तकाराने आपल्या शेतावर एक नियम करावा. धुऱ्यावर आणि बोडीच्या पाळीवर कोणी बसायचे नाही. मजूर बाया गावातून येतात, त्यांच्यासाठी चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून पाण्यापासून दूर खोल खड्ड्याचा, पोत्याच्या आडोशाचा साधा संडास उभा करावा. चार बांबू आणि दोन तासांचे काम आहे. बांधीत बूट घालून रोवणी होत नाही, चिखल भरतो, हे मान्य. पण धुऱ्यावरून ये-जा करताना पायात चप्पल असावी, आणि बांधीबाहेर आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुवावेत. संडासाचा भरलेला खड्डा दीड-दोन वर्षे बंद राहिल्याशिवाय उपसू नये, ताजा मैला वाडीत टाकू नये.

ग्रामपंचायतींनी रोवणीआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. आरोग्य केंद्राला ठराव पाठवावा की रोवणीच्या मजूर बायांची रक्ततपासणी आणि शौचतपासणी व्हावी आणि ज्यांच्या पोटात जंत निघतील त्यांना गोळी मिळावी. भंडाऱ्यापासून लाखांदूरपर्यंत सातही तालुक्यांतून असे ठराव गेले तर जिल्ह्याला त्याची दखल घ्यावीच लागेल.

रोवणीचा भाव वाढला, बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर काम उरकत नाही, ही तक्रार दर हंगामात ऐकू येते. ज्या बाईच्या अंगात रक्तच नाही तिचा हात भराभर चालणार कसा? तिला आळशी म्हणण्याआधी तिच्या पोटाची तपासणी करून घ्या. शेळ्यांना औषध पाजायचा दिवस ठरवाल, त्याच दिवशी घरातल्या माणसांना आरोग्य केंद्रात घेऊन जा.